घरच्या एस्प्रेसो मशीनची निगा: तेल वेगळं, क्षार वेगळा

मशीन घेऊन काही महिने झाले की कॉफीला खवट, जळकट चव यायला लागते. बीन्स बदलून होतात, दळण बारीक-जाड करून होतं, तरी ती जात नाही. मग कुणीतरी ‘डीस्केल कर’, म्हणजे पाण्याने आत धरलेला क्षार काढ, म्हणून सांगतं आणि टाकीत व्हिनेगर ओतलं जातं. चव तशीच राहते, वर व्हिनेगरचा वास येतो तो निराळाच. खवटपणा तेलाचा असतो आणि ॲसिडने तेल निघत नाही, एवढंच त्याचं कारण.

मशीनमध्ये दोन तऱ्हेची घाण साचते. जिथे कॉफी लागते तिथे, म्हणजे पोर्टाफिल्टरच्या दांड्यात (मशीनला लावायची मूठ, पुढे नुसता ‘दांडा’), त्यातल्या पूड भरायच्या भोकांच्या वाटीत, म्हणजे बास्केटमध्ये, आणि वरच्या जाळीत, कॉफीचं तेल आणि बारीक पूड बसते. तिला अल्कलीयुक्त पावडर लागते. जिथे पाणी तापतं तिथे, म्हणजे बॉयलर, थर्मोब्लॉक आणि वाफेच्या वाटेत, क्षाराचा पांढरा थर धरतो. त्याला ॲसिड लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तेल रोज साचतं, क्षार मात्र तुमच्या पाण्यावर ठरतो. घराघरांत नेमकं उलटं चाललेलं दिसतं: तेलाकडे कुणी बघत नाही आणि डीस्केलिंग गरज नसताना होतं.

पुढची माहिती मुख्यतः पोर्टाफिल्टरवाल्या घरगुती मशीनसाठी आहे.

रोज

शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, काढला की भुगा लगेच झटकून टाका. रिकामा दांडा परत लावून दोन-तीन सेकंद पाणी सोडा, मग काढून बास्केट ओल्या फडक्याने पुसा. जाळीखाली चिकटलेला भुगा ब्रशने झाडून पुन्हा क्षणभर पाणी सोडा. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर तोच भुगा वाळून जाळीच्या भोकांत बसतो.

रात्री दांडा घट्ट आवळून ठेवू नका. सैल अडकवा किंवा बाहेर ठेवा, म्हणजे आतला रबरी वॉशर सतत दाबला जात नाही.

ड्रिप ट्रे रोज रिकामा करा, पावसाळ्यात तर न चुकता. कॉफीचं पाणी आणि दुधाचे थेंब दमट हवेत एक-दोन दिवसांतच बुरशी धरतात. टाकीतलं पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा टाकी भांड्याच्या साबणाने आतून घासून घ्या. बोटाला बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे, नुसतं विसळून जात नाही.

दुधाची नळी

स्टीमच्या नळीकडे इतर कशाहीपेक्षा जास्त लक्ष द्या. दूध फेसाळल्यावर वाफ बंद केली की नळीतली वाफ थंड होऊन आकसते आणि टोकाशी असलेलं दूध आत ओढलं जातं. बाहेर वाळलेलं दूध दिसतं, हे आतलं दिसत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: फेसाळण्याआधी दोन सेकंद वाफ सोडून आतलं पाणी काढायचं, दूध झालं की भांडं खाली घेऊन लगेच ओल्या फडक्याने नळी पुसायची, मग तेच फडकं टोकावर धरून पुन्हा दोन-तीन सेकंद वाफ सोडायची. पुसणं आधी आणि वाफ नंतर केली तर भोकाशी राहिलेलं दूध बाहेर फेकलं जातं. फडकं जाड घ्या आणि ते फक्त नळीसाठी ठेवा.

दूध करपून चिकटलंच तर नळी पाण्याच्या भांड्यात बुडवून रात्रभर ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मशीन थंड होताना ते दुधाळ पाणी उलटं आत, थेट बॉयलरपर्यंत खेचलं जाऊ शकतं. त्यापेक्षा टोकाची टोपी पान्याने किंवा हाताने सोडवा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि भोकं टाचणीने मोकळी करा. नळीभोवती गरम ओलं फडकं दहा मिनिटं गुंडाळलं की वाळलेलं दूध फुगून सुटतं. ते चाकूने खरवडू नका.

आठवड्याला: जाळी आणि भिजवण

ग्रुपखालची, म्हणजे दांडा जिथे लावतात त्या भागाखालची, जाळी बहुतेक मशीनमध्ये मधल्या एका स्क्रूवर असते. मशीन थंड असताना स्क्रू काढा, जाळी आणि तिच्यामागची चकती खाली येईल. पहिल्यांदा काढणाऱ्याला चकतीच्या मागे काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी दिसेल. खवट चव तिथून येत होती.

एक लिटर गरम पाण्यात साधारण दोन चमचे, म्हणजे ८ ते १० ग्रॅम, एस्प्रेसो मशीनची क्लीनिंग पावडर घाला. यातला मुख्य घटक बहुधा सोडियम परकार्बोनेट असतो. जाळी, चकती, स्टीलच्या बास्केट आणि दांड्याचं धातूचं डोकं त्यात २० ते ३० मिनिटं भिजवा. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ द्रावणाबाहेर राहू द्या. पाणी चहासारखं लाल होईल. नंतर ब्रशने घासून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. दांड्याचं डोकं वजनाला हलकं आणि आतून राखाडी असेल तर ते ॲल्युमिनियमचं असण्याची शक्यता आहे. ते भिजवू नका, काळं पडतं. त्याला गरम पाणी आणि साधा साबण पुरे. भांड्याचा लिक्विड साबण सुट्या भागांना चालतो, पण मशीनच्या आत कधी घालू नका. फेस आणि वास दोन्ही दिवसेंदिवस जात नाहीत.

मशीनबरोबर येणाऱ्या दुहेरी तळाच्या, म्हणजे प्रेशराइज्ड, बास्केटला खाली एकच सुईएवढं भोक असतं. ती उजेडासमोर धरून बघा; उजेडाचा ठिपका दिसला नाही तर पिन घाला. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या बास्केटमध्ये वापरू नये. चिकोरी भिजून चिकट होते आणि ते भोक बुजवते.

बॅकफ्लश, पण सगळ्यांनी नाही

शॉट थांबवल्यावर ‘फुस्स’ आवाज होऊन ड्रिप ट्रेमध्ये वेगळ्या नळीतून पाणी पडत असेल, आणि भुगा कोरडा वडीसारखा निघत असेल, तर तुमच्या मशीनला थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे शॉटनंतरचा दाब ट्रेमध्ये सोडणारी झडप, आहे. अशा मशीनलाच बॅकफ्लश करायचा, म्हणजे दाबाने पाणी आणि पावडर उलटं फिरवून आतली वाट धुवायची. व्हॉल्व्ह नसेल तर दाब आतच कोंडतो आणि दांडा काढताना गरम पाणी अंगावर उडतं. खात्री नसेल तर माहितीपुस्तिका बघा.

कृती अशी. बिनभोकाची बास्केट दांड्यात बसवा आणि तीत अर्धा चमचा, सुमारे ३ ग्रॅम, पावडर घाला. दांडा लावून पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा करा. ट्रेमध्ये तपकिरी फेसाळ पाणी येईल. मग दांडा काढून सगळं धुवा आणि त्याच रिकाम्या बास्केटने, पावडर न घालता, तेच आठ-दहा वेळा करा. शेवटी येणारं पाणी पांढऱ्या कपात घ्या. त्याला फेस किंवा रंग नसावा. पहिला शॉट काढून फेकून द्या.

पावडरचा बॅकफ्लश रोज दोन-तीन कप करणाऱ्या घराला महिन्यातून एकदा पुरतो. नुसत्या पाण्याचा आठवड्यातून एकदा करा. ई६१ नावाच्या ग्रुपच्या लिव्हरवाल्या मशीनमध्ये पावडर लिव्हरच्या कॅमचं ग्रीसही धुऊन काढते. लिव्हर करकर करायला लागला की समजा ते संपलं. खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावायला लागेल.

पाणी

क्षाराचा खरा इलाज टाकीत काय ओतता यात आहे. धरणाचं नळाचं पाणी, जसं मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं मिळतं, ते हलकं असतं. बोअरचं आणि त्यातून भरणाऱ्या टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालणारं ते पाणी बॉयलरला चालत नाही.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. सोसायटीला मिठाचा सॉफ्टनर लावलेला असेल तर टीडीएस ५०० दिसेल, पण थर बसणार नाही, कारण कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. जडपणा मोजायला थेंबांचं किट किंवा पट्ट्या मिळतात. तेही नको असेल तर तेच पाणी महिनाभर इलेक्ट्रिक केटलमध्ये उकळा. तळाला पांढरं काही धरलं नाही तर मशीनमध्येही फारसं धरत नाहीये.

आरओचं पाणी सरळ ओतणं हा उपाय वाटतो, पण २०-३० टीडीएसचं पाणी दोन ठिकाणी अडतं. मोठ्या बॉयलरच्या काही मशीनमध्ये पातळी ओळखणारा सेन्सर पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालतो. इतकं शुद्ध पाणी त्याला दिसतच नाही. शिवाय असं पाणी तांबं-पितळ हळूहळू खातं, आणि कॉफीही फिकी लागते. प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असेल तर तंत्रज्ञाकडून १०० ते १५० वर लावून घ्या. नसेल तर मिसळा: नळाचं पाणी ६०० आणि आरओचं ३० असेल तर एक भाग गाळून उकळलेलं नळाचं आणि चार भाग आरओचं, म्हणजे १४४ च्या आसपास येतं.

डीस्केलिंग

वरच्यासारखं पाणी असेल तर वर्षातून एकदा. जड पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी. मशीनचा डीस्केलिंगचा दिवा सहसा फक्त पाणी किती वापरलं ते मोजतो. पुस्तिकेत पाण्याच्या जडपणाचं सेटिंग असेल तर ते नीट भरा, नाहीतर दिवा सगळ्यांना एकाच हिशेबाने लागतो.

ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड एक लिटर पाण्यात २० ग्रॅम. यापेक्षा कडक करून काम लवकर होत नाही. उलट जास्त ॲसिड आणि जास्त उष्णता एकत्र आली की कॅल्शियम सायट्रेट तयार होतं. ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि नळीत बसतं. जुन्या गाजिया क्लासिकसारख्या मशीनचा बॉयलर ॲल्युमिनियमचा असतो. तिथे ॲसिड पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि शक्यतो कंपनीचंच द्रावण घ्या.

जाळी आधी काढून ठेवा, म्हणजे सुटलेले क्षाराचे तुकडे तिच्यात अडकणार नाहीत. मशीन सुरू करून द्रावण ग्रुपमधून आणि वाफेच्या नळीतून थोडं थोडं, साधारण १५० मिली, सोडा. मग मशीन बंद करून १५ मिनिटं थांबा. पुन्हा सोडा, पुन्हा थांबा, टाकी रिकामी होईपर्यंत. पंप सलग मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. घरगुती मशीनमधला कंपनाचा पंप विश्रांती देत वापरायचा असतो. शेवटी साध्या पाण्याच्या दोन भरलेल्या टाक्या दोन्ही वाटांनी जाऊ द्या आणि बाहेर येणारं पाणी चाखून बघा. आंबट लागलं तर तिसरी.

ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर मशीनखाली जाड प्लास्टिक आणि टॉवेल अंथरा. दोन्ही दगड चुन्याच्या जातीचे. ॲसिडचा थेंब पडला की पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. ग्रॅनाइटला काही होत नाही.

मशीन बरंच जुनं असेल आणि कधीच डीस्केल केलेलं नसेल, तर घरी करू नका. सुटलेला मोठा तुकडा थ्री-वे व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि चालू मशीन बंद पडतं. तिथे बॉयलर उघडून देणारा माणूस गाठा.

वॉशर आणि ग्राइंडर

दांडा पूर्वी समोर सरळ यायचा आणि आता त्याच्याही पुढे फिरतो, किंवा शॉटच्या वेळी कडेने पाणी झिरपतं: वॉशर कडक झाला आहे. रबरी असेल तर वर्षभरात बदलायची तयारी ठेवा. सिलिकॉनचा जास्त टिकतो आणि बसवायला सोपा. जुना वॉशर मशीन कोमट असताना दाभणाने किंवा त्यात एक लहान स्क्रू फिरवून ओढून काढा. खाचेत राहिलेले तुकडे आणि जुना भुगा खरवडून मगच नवा दाबा. बरेचदा गळतीचं खरं कारण तो भुगाच असतो.

ग्राइंडरच्या पात्यांना पाणी लागू देऊ नका. हॉपर, म्हणजे बीन्स भरायचा वरचा डबा, रिकामा करा, वरची पाती सोडवा आणि कडक ब्रशने तेलकट पूड झाडा. हॉपरच्या आतलं तेल कोरड्या फडक्याने पुसा. कच्चे तांदूळ दळून साफ करायचा उपाय टाळा. दाणा कठीण असतो, मोटरवर ताण येतो आणि पीठ आतच राहतं. पावसाळ्यात हॉपर भरून ठेवू नका.

पाणी नीट येईनासं झालं तर

मशीन नवं किंवा नुकतं साफ केलेलं असताना एक काम करून ठेवा: दांडा न लावता १० सेकंदांत किती मिली पाणी येतं ते मोजा आणि आकडा मशीनच्या मागे चिकटवा. पुढे तो कमी भरला तर जाळी काढून पुन्हा मोजा. सुधारला तर दोष जाळीचा. नाही सुधारला तर टाकीच्या तळाचा फिल्टर बघा, मग क्षाराचा संशय घ्या. दांड्याशिवाय पाणी भरपूर येतं पण शॉट थेंबथेंब येतो, तर दळण फार बारीक आहे. मशीनला दोष देऊ नका.

पंप जोरात घुरघुरतो आणि पाणी येत नाही, तेव्हा बहुधा टाकी रिकामी झाल्याने आत हवा अडकलेली असते. टाकी भरून नीट दाबून बसवा, गरम पाण्याचा किंवा वाफेचा नॉब उघडा आणि पंप थोडा थोडा चालवा. नळीतून अखंड धार आली की बंद करा.

१४५० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा ॲम्पियरच्या थोडं वर घेतं. ते ६ ॲम्पियरच्या साध्या सॉकेटवर किंवा मिक्सरबरोबर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. १६ ॲम्पियरच्या पॉइंटवरच चालवा. प्लग हाताला गरम लागत असेल तर आधी सॉकेट बदलून घ्या.