परसातल्या शेकोटीसाठी कुंड निवडताना

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा कधीकधी 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा परसात कायमची शेकोटी असावी असे अनेकांना वाटते. कुंड निवडण्यापूर्वी जागा पाहावी: घराची भिंत, गोठा, चाऱ्याची गंजी आणि साठवलेला कापूस यांपासून ती किमान 3 मीटर दूर असावी आणि वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नसावी.

चार-पाच माणसांसाठी 60 ते 75 सेंटिमीटर व्यासाचे कुंड पुरते. पातळ पत्र्याचे घमेले स्वस्त पडते, परंतु ते उष्णतेने लवकर वाकते; त्यापेक्षा सुमारे 3 मिलिमीटर जाडीचे, तळाला छिद्रे असलेले पोलादी कुंड घ्यावे, कारण छिद्रांमुळे जाळाला खालून हवा मिळते व पावसाचे पाणी साचत नाही. बांधीव खड्डाच हवा असेल, तर काळी माती वाळल्यावर भेगाळते हे ध्यानात घेऊन तळाशी मुरूम ठोकावा आणि आतून भट्टीला लावतात तशा उष्णता सोसणाऱ्या विटा लावाव्यात. तापी-गिरणेच्या पात्रातले गोटे दिसायला सुरेख असले, तरी त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. ते आत मुळीच वापरू नयेत.

भरिताची वांगी भाजायची असल्यास (आणि खान्देशात ती भाजली जाणारच) कुंड उथळ घ्यावे. कपाशीच्या काड्या झपाट्याने पेटतात व ठिणग्या उडवतात, म्हणून शेकताना जाळीचे झाकण हवेच; दीर्घकाळ ऊब हवी असल्यास बाभळीचे वाळलेले लाकूड उत्तम. धुमसते कुंड मात्र बंद खोलीत नेऊ नये, कारण कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन वायूने जीव जाऊ शकतो.