टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवताना
टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) यांना जोडणारा दातेरी पट्टा. जुना बेल्ट उतरवण्याआधीच क्रँकशाफ्ट पान्याने नेहमीच्या दिशेने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाशी आणावा आणि क्रँक व कॅम यांच्या स्प्रॉकेटांवरील (दातेरी चाकांवरील) खुणा इंजिनावरच्या स्थिर खुणांशी जुळल्याची खात्री करून घ्यावी. मुंबईत मोटार पाचसहा पावसाळे काढते, तोवर तेल आणि धुळीचा थर बसून या बारीक खुणा बुजलेल्या असतात. म्हणून त्या आधी ब्रशने घासून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. खूण अगदी समोरून पाहावी. कुर्ल्यातल्या एखाद्या अरुंद गॅरेजात, बॉनेटखाली तिरके वाकून पाहिले, की एका दात्याची चूकही जुळल्यासारखी भासते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) नसलेली बाजू ताठ ठेवावी. टेन्शनर लावल्यावर क्रँक हातानेच पूर्ण दोन वेळा फिरवावा, कारण तेव्हाच कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, आणि स्प्रॉकेटांवरच्या खुणा पुन्हा तपासाव्यात. बेल्टवर छापलेल्या रेघा या वेळी बहुधा जुळत नाहीत. त्याची काळजी नको. मात्र फिरवताना मध्येच अडले, तर जोर मुळीच लावू नये, कारण अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून वाकतात.