कच्च्या रस्त्यासाठी शॉकअप लावताना आधी सॅग मोजा

मुरबाडच्या किंवा कर्जतच्या दगडी वाटेवर मोटरसायकल आदळायला लागली की मुंबईचे बरेच रायडर पहिल्यांदा मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग, सैल करून घेतात. यानं त्रास वाढतो. प्रीलोडनं स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, गाडी किती उंचीवर बसेल एवढंच ठरतं. सैल केला की गाडी आधीच खाली बसते, दणका झेलायला जागा कमी उरते आणि शॉकअप तळाला आपटतो.

म्हणून आधी सॅग, म्हणजे वजनानं गाडी किती खाली बसते ते मोजा. टेप, मार्कर, सी-स्पॅनर (प्रीलोडची रिंग फिरवायचा पाना) आणि दोन मदतनीस पुरेत. टायरची हवा नीट करून घ्या. मागचं चाक पूर्ण अधांतरी उचला आणि अ‍ॅक्सलपासून सरळ वर, टेल पॅनलवरच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. पॅडॉक स्टँड इथे चालत नाही, कारण तो स्विंगआर्मलाच आधार देतो. मग हेल्मेट, बूट, सामान, सगळं घेऊन बसा, गाडी दोनदा दाबून सोडा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग.

कच्च्यासाठी तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जेवढं वरखाली होऊ शकतं त्या अंतराच्या, तिसऱ्या हिश्श्याजवळ हवा. हिमालयन ४११ चा मागचा ट्रॅव्हल १८० मिमी आहे, म्हणजे ५५ ते ६० मिमी. एक्सपल्स २०० ४व्ही चा १७० मिमी, म्हणजे ५० ते ५७. सॅग जास्त आला तर प्रीलोड घट्ट करा, कमी आला तर सैल करा. हा आकडा जुळल्यावर रायडर उतरवून पुन्हा मोजा. नुसत्या गाडीच्या वजनानं ती जेमतेम बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. तिथे प्रीलोड कितीही कसला तरी उपयोग नाही, कडक स्प्रिंगच घ्यावी लागते. उंची बदलली की चेनचा ढिलेपणाही तपासा.

पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीवर केबल टाय बांधा. फेरीनंतर तो कुठवर सरकला त्यावरून किती ट्रॅव्हल वापरला गेला ते दिसतं. सगळ्यात वाईट दणक्याला एखाद्‌वेळी तळ लागला तर ठीक, प्रत्येक खड्ड्यात लागत असेल तर नाही. बऱ्याच गाड्यांच्या फोर्कला बाहेरून काहीच अ‍ॅडजस्ट करता येत नाही. तिथे ऑइलच कामाचं: मॅन्युअलमधला ग्रेड आणि दोन्ही नळ्यांत सारखं माप. जुनं ऑइल पातळ होतं आणि फोर्क डोलायला लागतो.

क्लिकर (टक-टक करत फिरणारे अ‍ॅडजस्टर स्क्रू) असतील तर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करत क्लिक मोजा, लिहून ठेवा आणि पुन्हा तिथेच आणा. मग एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिकनं, त्याच वाटेवर बदला. खड्डा गेल्यावर मागचा भाग उसळून वर फेकत असेल तर रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत वर येण्याचा वेग, जास्त आहे, स्क्रू बंद करा. सलग खडबडीत पट्ट्यावर गाडी हळूहळू खाली बसून कडक होत असेल तर रिबाउंड मंद आहे, उघडा. बारीक खडीवरही हात झिणझिणत असतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे दबताना होणारा अडसर, कमी करायला तो स्क्रू उघडा.

कच्च्यावर हवा कमी केली तरी ट्यूबवाल्या टायरची हवा २० पीएसआयच्या खाली नको, रिम दगडावर आपटून ट्यूब कापली जाते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा. पावसाळ्यातला लाल चिखल फोर्कच्या डस्ट सीलवर (धूळ अडवणाऱ्या रबरी कडीवर) वाळला तर सील फाटतं, म्हणून घरी आल्यावर तो भिजवून मऊ कापडानं पुसा. नळीवर तेलाचा थर दिसला तर तेल ब्रेकवर उतरलं असेल, म्हणून पुढचा ब्रेक तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.