आगगाडीने डोंगराला: खानदेशातून एका दिवसाची पायपीट कशी आखावी

खानदेशातून डोंगर चढायला निघणाऱ्याने आधी परतीची गाडी ठरवावी आणि मगच डोंगर निवडावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. किल्ल्याचे नाव पक्के करतात, सकाळी मिळेल त्या गाडीत बसतात आणि संध्याकाळी अनोळखी फाट्यावर अंधारात वाहनाची वाट पाहत उभे राहतात. याचे कारण आपल्या भागाच्या रचनेत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे तापी-गिरणेचे सपाट खोरे, अशा या मुलखात रूळ सपाटीवरून धावतात. मनमाडकडून भुसावळला येणारा मार्ग दक्षिणेच्या डोंगरांना बाजूला ठेवत येतो, तर जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा सुरतेकडे जाणारा मार्ग तापीच्या काठाकाठाने पुढे सरकतो. डोंगर खिडकीतून दिवसभर दिसतो, पण स्टेशन त्याच्या पायथ्याशी जवळपास कुठेच नाही. स्टेशन आणि पायथा यांमधले दहा-वीस किलोमीटर एस.टी.ने, रिक्षाने किंवा काळीपिवळीने काटावे लागतात, आणि दिवसाचे सारे गणित तिथेच चुकते.

आमच्या घरी ही शिस्त आयती होती. वडील भुसावळच्या लोकोत, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये, नोकरीला होते, त्यामुळे रेल्वेचे वेळापत्रक भिंतीवर पंचांगाशेजारी खिळ्याला टांगलेले असे आणि सुटीच्या दिवशी कुठे जायचे याचा निकाल तेच देत असे. पुढे शाळेतल्या गणिताच्या सरांबरोबर आम्ही डोंगर चढू लागलो, तेव्हा तेही निघण्याआधी प्रत्येकाला वहीच्या कागदावर तीन वेळा लिहायला लावत: परतीच्या गाडीची वेळ, पायथा सोडण्याची वेळ आणि जिथे असू तिथून मागे फिरण्याची वेळ. तिसऱ्या वेळेबाबत ते कोणाचेही ऐकत नसत. माथा समोर दिसत असला तरी घड्याळात ती वेळ झाली की ते वळत, आणि त्यांच्यामागे आम्हीही वळत असू.

हा हिशेब पाटणादेवीच्या, म्हणजे कण्हेरगडाच्या पायथ्याशी असलेल्या देवीच्या देवळाच्या, उदाहरणावर करून पाहू. एका दिवसाच्या सहलीसाठी मी सर्वांत आधी हेच ठिकाण सुचवीन. जळगाव ते चाळीसगाव हे अंतर लोहमार्गाने सुमारे 93 किलोमीटर आहे आणि थांबत जाणाऱ्या गाडीला साधारण दोन तास लागतात. चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे 18 किलोमीटरवर आहे. समजा, परतीची गाडी संध्याकाळी 6 वाजता आहे. मग साडेपाचला फलाटावर असले पाहिजे. वाटेला पाऊण तास आणि वाहन मिळण्यासाठी आणखी पाऊण तास धरला, तर चार वाजता देवळापाशी खाली पोहोचलेले असावे. कण्हेरगड उतरायला, दमलेला सोबती धरून, दीड तास द्यावा. म्हणजे अडीच वाजता, गडावर जिथे असू तिथून, मागे फिरायचे. सकाळी आठच्या सुमारास चाळीसगावला उतरणाऱ्याला यात गड, लेणी आणि देऊळ आरामात जमते. अकराला उतरणाऱ्याने गड सोडून द्यावा आणि दऱ्यातून हिंडावे. पितळखोऱ्याची लेणी मात्र त्याच दिवशी जोडू नयेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली ही लेणी डोंगरापलीकडे कन्नडच्या बाजूला आहेत. धावत पाहावीत अशी ती नव्हेत, त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. त्यामुळे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करावी, प्रवेशाच्या आणि परतीच्या वेळा तिथेच विचारून घ्याव्यात आणि बिबट्याचा वावर असलेल्या या जंगलात संध्याकाळी रेंगाळू नये. देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला देणगी दिली, अशी सन 1207 ची ही नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. आमचे सर या लेखासमोर मुलांना खाली बसवीत आणि भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातले एक उदाहरण तोंडी सोडवून घेत. उत्तर येईपर्यंत डबा उघडायची परवानगी नसे. मी आजही नव्या सोबत्यांना चढ सुरू करण्यापूर्वी तिथे थोडा वेळ थांबवतो, कारण आपल्या गावाजवळच्या डोंगरात हे घडले होते ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या दगडापुढे उभे राहून अधिक उमगते. गडाच्या वाटेवर नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी लागतात. परतीच्या उतारावर पाय थकलेले असतात, म्हणून ती चढतानाच पाहून घ्यावीत.

चाळीसगावच्या स्टेशनाबाहेर रिक्षा ठरवताना जाण्याचे आणि येण्याचे बोलणे एकदमच करावे आणि परतीचे भाडे परतल्यावरच द्यावे. काळीपिवळीने गेलात, तर उतरतानाच चालकाला नम्रपणे विचारावे, "आप्पा, शेवटची गाडी इथून किती वाजता सुटते?" त्याने सांगितलेली वेळ ही सर्वांत उशिराची वेळ असते, आणि सवारी भरली की तो त्याआधीही निघतो. वाट विचारायची झाली, तर डोंगराच्या बाजूने येणाऱ्या गुराख्याला किंवा मोळी घेऊन येणाऱ्या बाईंना विचारावी. अंतर किती आहे असे न विचारता तुम्हाला किती वेळ लागतो असे विचारावे आणि सांगितलेल्या वेळेची दुप्पट धरावी.

ऋतूचा विचार इथे इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक कडकपणे करावा लागतो. मार्च सरता सरता ऊन भाजू लागते, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि उघडा कातळ दुपारी हात लावू देत नाही. त्या काळात डोंगराचे नाव काढू नये. भर पावसाळ्यात पाटणादेवीचे केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे पाहायला गर्दी लोटते, पण ओढ्यात उतरण्यापूर्वी माथ्यावर ढग किती आहेत हे पाहावे. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस याच डोंगरात झालेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर येऊन चाळीसगावात पाणी शिरले होते आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. उत्तम काळ भाद्रपद संपल्यापासून माघापर्यंतचा. फक्त आश्विन-कार्तिकात गवत वाळून कुसळे धरते, आणि ती मोज्याच्या विणीत आडवी शिरून पावलागणिक आत सरकतात. ओढून काढली तर टोक आतच मोडते, म्हणून मोजा उलटा करून आतल्या बाजूने एकेक कुसळ पुढे ढकलून काढावे. लोकरी मोज्यांऐवजी गुळगुळीत कापडाची लांब पँट घोट्यापर्यंत घातली, की हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. किल्ल्यांवर टाकी आहेत, पण त्यांतले पाणी पिण्यासारखे असेलच असे नाही. शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. दोन जेवणे बाहेर होणार असतील, तर दुधात भिजवलेल्या दशम्या, कारण त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. केळी घ्यावीत, पण पिशवीत सर्वांत वर ठेवावीत. डोक्याला उपरणे, पायात पकड असलेले बूट आणि खडकाळ उतारावर फुरसे दिसते म्हणून हातात काठी असावी. लेण्यांच्या आणि बुरुजांच्या छताला आग्या मोहोळ लटकलेले असते. तिथे धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरडा तर मुळीच करू नये.

चाळीसगावाहून धुळ्याकडे फुटणारा रेल्वेचा फाटा, सन 1900 पासूनचा आणि 56 किलोमीटरचा, नवख्यांसाठी फार सोयीचा आहे. धुळ्याआधीच्या स्टेशनाचे नावच मोहाडी प्रगणे लळिंग असे आहे, आणि लळिंगचा किल्ला तिथून थोड्याच अंतरावर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून उभा आहे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या आरंभकाळात मलिक राजाने थाळनेर एका मुलाला आणि लळिंग मलिक नासीर या दुसऱ्या मुलाला दिले होते. गावातून तासाभरात माथा गाठता येतो. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर पाटणादेवीऐवजी लळिंग निवडावा. या फाट्यावर गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली की पुढच्या गाडीची वाट न पाहता एस.टी. धरावी.

एक मार्ग मात्र आता नकाशात असून उपयोगाचा नाही. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे पी.जे. म्हणत, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी थांबत जाई. पाचोऱ्याहून निघताना उजव्या हाताची खिडकी धरली, की अजिंठ्याची रांग जणू गाडीबरोबर चालू लागे. पूर्वी अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे पहूरलाच उतरत. आम्ही शेंदुर्णीला उतरून सोयगावमार्गे वेताळवाडीचा किल्ला गाठत असू. गाडीचा वेग इतका बेताचा होता, की दारात बसून शेतातल्या माणसाशी दोन वाक्ये बोलणे होई आणि तोच माणूस हात करून सांगे, "तिकडची वाट सोडा, नाल्याला पाणी आहे." डोंगरापर्यंत पोहोचण्याआधी डोंगराची खबर देणारी दुसरी गाडी मला माहीत नाही. ती 2020 साली थांबली आणि मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. ते पूर्ण होईपर्यंत वेताळवाडीसाठी पाचोऱ्याला उतरून रस्त्याने सोयगाव गाठावे आणि हळद्याच्या घाटाकडून चढावे.

सातपुड्याचे मात्र वेगळे आहे. भुसावळहून रावेरकडे जाताना केळीच्या बागांमागे तो सलग दिसत राहतो, पण पालला किंवा मनुदेवीला जायचे तर स्टेशनापासून पुढे बसचा प्रवास मोठा आहे. नंदुरबारला उतरून शहाद्यामार्गे तोरणमाळला जाणाऱ्याने एका दिवसाचा आग्रह सोडावा आणि मुक्कामाचीच तयारी ठेवावी. सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराची दिवाळीतली यात्रा पायी करायची असेल, तर धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याकडून जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबरच जावे, एकटे जाऊ नये. त्या दिवसांत नंदुरबारच्या गाड्यांना उभे राहायलाही जागा नसते.

निघण्याच्या आदल्या रात्री गाड्यांच्या वेळा पुन्हा पाहाव्यात. 2020 नंतर पुष्कळ पॅसेंजर गाड्या मेमू होऊन वेगळ्या वेळेने धावू लागल्या आणि काही परतल्याच नाहीत, म्हणून जुन्या आठवणीवर विसंबून चालत नाही. परतीची गाडी चुकलीच, तर हातातल्या साध्या गाडीच्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये चढू नये. खिडकीवर जाऊन एक्स्प्रेसचे अनारक्षित तिकीट घ्यावे आणि ती गाडी आपल्या स्टेशनावर थांबते की नाही हे तिथेच विचारावे. चाळीसगाव आणि पाचोरा इथून रात्रीपर्यंत भुसावळकडे काही ना काही मिळते. धुळ्याला अडकलात, तर स्टेशनावर थांबू नये, सरळ बसस्थानक गाठून जळगावची एस.टी. पकडावी आणि घरी फोन करून जेवणाला वाट पाहू नका असे कळवावे.