मालिकेची नायिका दुबळी झाली, तर वाहिनीला पत्र कसे लिहावे

ज्या नायिकेसाठी आपण एखादी मालिका पाहू लागलो, तीच काही महिन्यांनी ओळखू येईनाशी होते, तेव्हा होणारा अपेक्षाभंग खरा असतो आणि तो संबंधितांपर्यंत पोहोचवण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. ठाण्यात या विषयाला विशेष जवळीक आहे, कारण घोडबंदर रस्त्याच्या परिसरात अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण होते आणि नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंतच्या घरांत संध्याकाळी त्याच मालिका लावल्या जातात. तरीही बहुतेकांची नाराजी सोसायटीच्या आवारातील गप्पांत किंवा अभिनेत्रीच्या छायाचित्राखाली लिहिलेल्या दोन रागीट ओळींत संपून जाते, आणि ज्यांच्या हाती कथानक असते त्यांच्यापर्यंत ती जातच नाही.

पत्र लिहिण्याआधी आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि सर्वांत अवघडही. नायिका रडते, हरते किंवा चुकते, एवढ्याने ती दुबळी ठरत नाही. उलट चांगल्या कथेत तिला हे सारे भोगावेच लागते. माझ्या मते, पाहायचे ते एवढेच की, आजच्या भागात जे घडले त्यातले काय तिच्या निर्णयामुळे घडले. समजा, नायिका ठाणे न्यायालयात वकिली करते. सुरुवातीला तिने सासरच्या जमिनीच्या व्यवहारातील फसवणूक जुनी कागदपत्रे वाचून उघडकीस आणली. पुढे मालिकेने काही वर्षांचा लीप घेतला, म्हणजे कथा एकदम तेवढी वर्षे पुढे नेली, आणि आता तीच बाई पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करते, दाराआडून कानी आलेल्या अर्ध्या वाक्यावर विश्वास ठेवून घर सोडते आणि प्रत्येक संकटातून नायकच तिला बाहेर काढतो. ती फसली याचे दुःख प्रेक्षक सोसू शकतो. ती वकील आहे हेच पटकथा विसरली, हे मात्र सोसवत नाही. पत्रात मांडायचा मुद्दा हाच. मात्र बदलाचे कारण पडद्यावर दाखवले आहे का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. मूल गमावल्यावर किंवा विश्वासघात झाल्यावर माणूस खचतो, आणि ते कारण नीट रंगवले असेल तर लेखकाला काही आठवड्यांचा अवधी देणे न्यायाचे ठरते.

मुद्दा निश्चित झाला की पुरावा जमवावा. दोन आठवडे वहीत प्रत्येक भागाची तारीख, प्रसंग आणि नायिकेने त्यात काय केले, हे एका ओळीत टिपावे. जुने भाग वाहिनीच्या अॅपवर बहुधा मिळतात, त्यामुळे तिचे पूर्वीचे वागणे स्मरणावर विसंबून सांगण्याची गरज नाही. जुना एक आणि नवे दोन, असे तीन प्रसंग पुरेसे आहेत. त्याहून अधिक दिले तर पत्राचे गाऱ्हाणे होते.

आता पत्र कोणाला लिहावे हे पाहू. श्रेयनामावली लक्षपूर्वक वाचली तर कथाविस्तार (कथा पुढे कशी जाईल याची आखणी), पटकथा आणि संवाद यांची नावे पुष्कळदा वेगवेगळी आढळतात. नायिकेच्या वागण्याचा प्रश्न कथाविस्ताराचा आणि पटकथेचा असतो, आणि ट्रॅक, म्हणजे कथानकाचा चालू धागा, कोणत्या दिशेने न्यायचा हे निर्मितीसंस्था व वाहिनी मिळून ठरवतात. म्हणून पत्र वाहिनीच्या मालिका विभागाला लिहावे आणि त्याची प्रत निर्मितीसंस्थेला पाठवावी. अभिनेत्रीला दोष देऊ नये, कारण तिच्या हाती लिहिलेला प्रसंग येतो आणि कित्येकदा तो चित्रीकरणाच्या दिवशीच येतो. सेट जवळ आहे म्हणून तेथे जाऊन भेटण्याचा आग्रहही धरू नये. तेथील माणसे तासांच्या हिशेबावर काम करत असतात आणि कथानकाचा निर्णय तेथे होत नाही.

मालिका पाहणे बंद केले की वाहिनीला आपोआप कळेल, असे पुष्कळांना वाटते. टीआरपी मोजणारी ‘बार्क इंडिया’ ही संस्था देशभरातील निवडक घरांत बसवलेल्या मापकांवरून प्रेक्षकसंख्येचा अंदाज काढते. आपल्या घरी असे मापक नसेल, तर आपला टीव्ही चालू होता की बंद, हे त्या आकड्यांत उमटत नाही. शिवाय आकडा घसरला तरी तो का घसरला हे त्यातून समजत नाही, आणि पुढच्या ट्रॅकमध्ये नायिकेला आणखी रडवावे असा उलटा अर्थही त्यातून काढला जाऊ शकतो. कारण सांगण्याचे काम पत्रच करू शकते.

पत्र एका पानाचे असावे. आरंभी आपण मालिका केव्हापासून पाहतो आणि नायिकेत काय आवडले, हे लिहावे. तिच्यावरचे प्रेम लपवण्याचे कारण नाही. त्यानंतर तीन प्रसंग तारखेसह द्यावेत आणि शेवटी एकच मागणी करावी. उदाहरणार्थ: ‘सहीच्या प्रसंगात तिने कागद वाचला असता आणि तरीही घर वाचवण्यासाठी सही केली असती, तर संकट तेवढेच राहिले असते आणि तिची बुद्धीही शाबूत राहिली असती. येत्या भागांत या पेचातून तिने स्वतःच्या वकिलीच्या बळावर मार्ग काढावा, अशी विनंती आहे.’ अशा मजकुरात लेखकाला हाताशी धरता येईल असे काही असते. ‘मालिका बंद करा’ या वाक्यात तसे काहीच नसते. इमारतीतील चार-पाच जणींचे मत सारखे असेल तर एकच मजकूर सह्या करून पाठवण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या शब्दांत, आपल्याला खटकलेल्या प्रसंगावर लिहावे.

औपचारिक तक्रारीचा मार्ग याहून वेगळा आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रार अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि १५ दिवसांत निर्णय कळवणे अपेक्षित आहे. परंतु ही व्यवस्था कार्यक्रम संहितेच्या, म्हणजे वाहिनीवर काय दाखवू नये हे सांगणाऱ्या नियमांच्या, उल्लंघनासाठी आहे. स्त्रीचे अवमानकारक चित्रण झाले असेल तर या व्यवस्थेचा आधार अवश्य घ्यावा. नायिका निष्प्रभ झाली एवढ्या कारणासाठी घेऊ नये, कारण तेथे आपला मुद्दा बसणार नाही.

पत्र गेल्यावर लगेच परिणाम शोधू नये. दैनंदिन मालिकेचे काही भाग आधीच चित्रित होऊन ठेवलेले असतात आणि पुढच्या काही भागांचे लेखनही पूर्ण झालेले असते. महिनाभर टिपणे चालू ठेवावीत. नायिकेने एखादा निर्णय पुन्हा स्वतः घेतला, तर त्या प्रसंगाची तारीख देऊन दोन ओळींचे आभारपत्र त्याच पत्त्यावर पाठवावे. घेतला नाही, तर नवे प्रसंग जोडून दुसरे पत्र लिहावे आणि सोबत पहिल्या पत्राची प्रत लावावी.