नुसतं ‘डाग पडलेत’ सांगू नका

गोव्यात फोंड्याला माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. मिरग लागला की फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, “काका, डाग पडलेत.” कशावर, केवढे, कसले, ते मला एकेक करून विचारून काढावं लागतं. फोटो पाठवतात, पण फोटोत ओल कळत नाही आणि बोटाला काय लागतं तेही कळत नाही. शब्द नेमके असले तर अर्धं निदान फोनवरच होतं.

काही वर्षांपूर्वी केरीच्या एका बाईंनी आंब्याच्या पानांवर काळे डाग सांगितले. मी करपा, म्हणजे पानं करपवणारा बुरशीचा रोग, समजून बुरशीनाशक दिलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या बागेत गेलो, ओला अंगठा पानावरून फिरवला, तर काळं सगळं अंगठ्याला आलं आणि खाली पान हिरवंगार. ती काजळी होती. तुडतुडे रस शोषतात, गोड चिकटा टाकतात, त्यावर ही काळी बुरशी वाढते. बंदोबस्त तुडतुड्यांचा करायला हवा होता. पुसलं जातं का, एवढं मी विचारायला हवं होतं. त्यांचे पैसे माझ्यामुळे वाया गेले, ते मला अजून लागून आहे.

म्हणून पहिलं काम अंगठ्याचं. पुसलं गेलं तर काजळी, धूळ किंवा भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) म्हणा. आंब्याचा चीक ओघळून सालीवर जे उमटतं, तो डाग. माझ्यापुरता मी नियम केलाय: बाहेरून लागतो तो डाग, आतून उठतो तो ठिपका किंवा चट्टा, आणि बरं होऊन मागे उरतो तो वण.

ठिपका मोजता येतो. त्याला कड असते. माप धान्यात सांगा: मोहरीएवढा, मसुरीएवढा, तुरीएवढा. सेंटिमीटर ऐकून माझ्या डोळ्यासमोर काही येत नाही. ठिपके एकमेकांत मिसळून आकार हरवला की त्याला चट्टा म्हणा. शिरेच्या बाजूने लांबत गेला तर रेघ किंवा पट्टा.

मग कड बघा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिरवेलीच्या पानावर तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळं वलय दिसलं तर माझं लक्ष करप्याकडे जातं. तोच ठिपका गडद, ओलसर आणि कडेला पिंजलेल्या वातीसारखे धागे सुटलेला असेल तर वेल मुळाशी कुजायच्या वाटेवर असू शकते, आणि मी दुकान सोडून निघतो. कड रेखीव की पिंजलेली, एवढ्या दोन शब्दांवर पुढची धावपळ ठरते.

सुपारीच्या कोळेरोगाला तर ‘डाग’ म्हणूच नका. तो सुरू होतो तेव्हा टोपीजवळ साल पाणी मुरल्यासारखी गडद दिसते, मग ते खाली पसरतं, सुपारी गळते आणि पडलेल्या फळावर पांढरी लव येते. “पाणी मुरल्यासारखं” एवढं सांगितलंत तरी मला पुरे. यावर पावसाआधी एक टक्का बोर्डो, म्हणजे बुरशीनाशक मिश्रण, मारतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. घासलेला कोयता त्यात जरा वेळ बुडवून काढा. पात्यावर तांबूस डाग धरला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. हा मात्र खरा डाग, बाहेरून लागलेला.

रंगाच्या बाबतीत आपल्या भाषेत मोठी सोय आहे, ती वापरा. पिवळसर म्हणजे थोडी पिवळी झाक. पिवळट म्हटलं की आजारी पान दिसतं. तसंच काळसर आणि काळपट. पान पिवळं पडलंय म्हणण्यापेक्षा शिरा कुठल्या रंगाच्या ते सांगा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळट असेल तर पुढचा प्रश्न, पान कोवळं की जून? कोवळ्यावर असेल तर मला लोहाची कमतरता वाटते, जुनावर असेल तर मॅग्नेशियमची. भेंडीत उलटं होतं. शिरांचंच पिवळं जाळं होतं आणि मधे हिरवं राहतं, तो हळद्या, पांढऱ्या माशीने आणलेला. हिरव्या-पिवळ्याचे तुकडे कुठलीच रेघ न धरता मिसळले असतील तर पान चितकबरं झालंय म्हणा.

रंग एकसारखा नाही म्हणजे रोगच, असंही धरू नका. आपल्या मानकुराद आंब्याचं नाव पोर्तुगीज ‘मालकोराद’वरून, म्हणजे रंग नीट न धरलेला, असं सांगतात. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेल्या मानकुरादावर कुठे हिरवट झाक राहिली म्हणून कोणी औषध विचारायला आलं की मी त्यांना आंबा कापून खायला सांगतो.

गेल्या पावसात सत्तरीहून एका मुलीचा फोन आला. म्हणाली, “काका, केळीच्या खालच्या जून पानांवर आधी पिवळट रेघा होत्या, शिरांना धरून. आता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट ठिपके झालेत, मध्ये राखाडी, भोवती पिवळं वलय. पुसले जात नाहीत. वरची तीन पानं स्वच्छ आहेत.” मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. करपा आहे, खालची पानं आजच कापून बागेबाहेर ने, म्हटलं, आणि औषधाची बाटली दुपारच्या बसने पाठवून दिली.