पाळलेला पक्षी निरोगी कसा ठेवावा

पक्षी दुखणं लपवतो. रानात थव्यामागे रेंगाळणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात कसर असली तरी तो दाणे टिपल्यासारखं करत राहतो. पिंजऱ्यातही ही सवय सुटत नाही. तो तळाशी पिसं फुगवून बसलेला दिसतो, तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. म्हणून औषधांच्या बाटल्या जमवण्याआधी रोज बघायची सवय लावून घ्या.

सुरुवात वजनापासून. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर छोटी दांडी ठेवून काटा शून्यावर आणा आणि आवडता दाणा दाखवून पक्ष्याला वर चढायला शिकवा. रोज सकाळी, खाण्याआधी, वजन वहीत टिपा. बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो. त्यातले तीन-चार ग्रॅम गेले तरी पिसांमुळे डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण ती दहा टक्के घट असते. अशा वेळी आणखी दोन दिवस वाट पाहू नका, पक्ष्यांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्याला गाठा.

मग पिंजऱ्याचा तळ. तिथे भुसा नको, साधा कोरा कागद अंथरा आणि रोज बदलताना शीट (विष्ठा) निरखून पाहा. (किळस आठवड्याभरात जाते.) तिच्यात तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. बीट खाल्लं तर लाली येणारच, काकडी खाल्ली तर पाणी वाढणारच. मात्र पांढरा भाग पिवळा-हिरवा होणं, डांबरासारखी काळी शीट, किंवा शीट एकदमच कमी होणं ही धोक्याची खूण.

खाण्यात सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसत्या बिया. त्यांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र तुटपुंजं. बजी, कॉकाटिल (तुरेवाला छोटा पोपट) यांसारख्यांना पेलेट्स (तयार पक्षीखाद्याच्या गोळ्या), हिरवा पाला, किसलेलं गाजर यांची सवय लावा, पण हळूहळू. अनोळखी खाणं समोर आलं की काही पक्षी चक्क उपाशी बसतात, तेव्हा वजनाची वही कामी येते. आणखी एक फसगत: वाटी भरलेली दिसते, पण वर सगळी फोलपटंच असतात. रोज फुंकून पाहा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी आणि दारू यांचा कणही नको.

हवेबद्दल मी जरा कडकच आहे. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे तो श्वासातला प्राणवायू फार कार्यक्षमतेने घेतो, आणि विषही तितक्याच झपाट्याने. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत, ते याचसाठी. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर निघणारी वाफ माणसाला जाणवायच्या आधी पक्षी दगावू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब हवा. धूम्रपान आणि सुगंधी फवारे त्या खोलीत नकोतच.

पिंजरा पंख पूर्ण पसरता येतील इतका रुंद असावा. दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या नकोत, नाहीतर तळव्यांच्या त्याच जागांवर दाब पडून जखमा होतात. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता द्या. नवा पक्षी आणलात तर निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, तो कितीही टवटवीत दिसला तरी.

चोच उघडी ठेवून श्वास घेणं किंवा प्रत्येक श्वासाला शेपटी हलणं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर पक्ष्याला उबदार, शांत जागी ठेवा आणि दाणापाणी जवळ सरकवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पकडताना छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांकडून सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार माणसालाही होतो. म्हणून शीट झाडण्याआधी कागद किंचित ओला करा, हात धुवा. आणि घरात कुणाला ताप-खोकला आलाच, तर डॉक्टरांना पक्षी पाळल्याचं न विचारता सांगा.